ज्युपिटर नोटबुकमध्ये आकाश : रेंज नसलेल्या ठिकाणी काय चालेल?

गिरणाकाठ

डिसेंबरच्या मध्यात चाळीसगावजवळ पाटणादेवीला दोन रात्रींचं आकाशदर्शन ठरतंय. अकरावी-बारावीची वीस मुलं, सात लॅपटॉप. चारांत ४ जीबी रॅम, तिघांत ८. सगळ्यांवर उबंटू. रात्री दुर्बिणीतून कृत्तिका बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच भागातला गाया उपग्रहाचा (ताऱ्यांच्या जागा आणि अंतरं मोजणारा) तक्ता ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये पायथनचा कोड तुकड्या-तुकड्याने चालवायची वही) उघडून त्यातले खरोखर एका पुंजक्यातले तारे कोणते आणि वाटेत मध्ये आलेले कोणते, हे मुलांनी स्वतः वेगळं काढायचं. आकाश शेजारी दिसलं पाहिजे आणि तक्त्यात ओळ निवडली की तो तारा आकाशात कळला पाहिजे.

नोटबुकमध्ये आकाश दाखवणारे दोन पर्याय डोळ्यांपुढे आहेत : आयपीअलॅडिन आणि पायडब्ल्यूडब्ल्यूटी. कोणतं घ्यावं? तिथे मोबाइलची रेंज नाहीच असं धरून चाललोय. वीज जाईल हेही धरलंय.

(आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लिपीत करायची. उत्तरंही तशीच दिलीत तर धागा एकसारखा राहील.)

वाघूर

या कामाला आयपीअलॅडिन. स्ट्रासबर्गच्या खगोलीय माहिती केंद्राचं अलॅडिन लाइट आहे, तेच नोटबुकच्या सेलमध्ये (कोड लिहायच्या चौकटीत) बसवलेलं. सुरुवात चार ओळींची : आयपीअलॅडिनमधून अलॅडिन आयात करा, टार्गेटला एम ४५ (म्हणजे कृत्तिका) द्या, एफओव्हीला ३ द्या (हे अंश आहेत), आणि शेवटच्या ओळीत हे ज्या चलात ठेवलंत त्याचं नुसतं नाव लिहा. सेल चालवला की खाली आकाश उघडतं. मग ॲस्ट्रोपायचा (पायथनचं खगोलशास्त्राचं पॅकेज) टेबल हातात असला की ॲड टेबल.

पण पहिली गोष्ट आधी. इन्स्टॉल करताना नोटबुकच्या आतून टक्क्याचं चिन्ह लावून पिप इन्स्टॉल करा, उद्गारचिन्ह लावून नाही. उद्गारचिन्हाची आज्ञा शेलमध्ये जाते आणि शेलला जो पायथन आधी सापडेल त्यात पॅकेज पडतं. टक्क्याची आज्ञा आत्ता चालू असलेल्या कर्नलच्याच (नोटबुकचा कोड मागे प्रत्यक्ष चालवणारा भाग) पायथनमध्ये टाकते. "इन्स्टॉल झालंय पण मॉड्यूल सापडत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं. शंका आली तर सिस आयात करून सिस डॉट एक्झिक्युटेबल छापून बघा, कोणता पायथन चालू आहे ते लगेच कळतं.

पांझरा

मी पायडब्ल्यूडब्ल्यूटीच्या बाजूने बोलते. ते ज्यावर चालतं ते वर्ल्डवाइड टेलिस्कोप २००८ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून आलं, २०१५ला त्याचा कोड खुला झाला आणि पुढे अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने ते सांभाळलं. अलॅडिनमध्ये तुम्हाला आकाशाचा घुमट दिसतो, सपाट. वर्ल्डवाइड टेलिस्कोपमध्ये अंतराचा रकाना देऊन तारे त्रिमितीत मांडता येतात आणि कृत्तिकांच्या पुंजक्याभोवती फिरता येतं. "एका पुंजक्यातले" म्हणजे काय, हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसेल. घुमटावर सगळेच तारे शेजारी-शेजारी.

पद्धत अशी : लेयर्समधल्या ॲड टेबल लेयरला टेबल द्या, फ्रेम स्काय, लॉन ॲट म्हणजे विषुवांशाचा (आकाशातला रेखांश) रकाना, लॅट ॲट म्हणजे क्रांतीचा (आकाशातला अक्षांश), ऑल्ट ॲट म्हणजे अंतराचा, ऑल्ट टाइपला डिस्टन्स, आणि ऑल्ट युनिटला पार्सेक. हे शेवटचं विसरलं तर तारे भलत्याच अंतरावर जातात आणि पडदा रिकामा दिसतो. मग लोक समजतात की लेयर चढलाच नाही.

तापीपूर्णा

पांझराताई, त्रिमितीचा मुद्दा चांगला आहे पण तिथे एक फसवणूक होते ती मुलांना आधी सांगावी लागेल. अंतर आपण लंबनावरून काढतो, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा किंचित सरकलेला दिसतो त्यावरून. कृत्तिकांचं लंबन साधारण ७.३ मिलिआर्कसेकंद (एक म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग), म्हणजे १००० भागिले ७.३, सुमारे १३७ पार्सेक, ४४५ प्रकाशवर्षांच्या आसपास. आता एखाद्या मंद ताऱ्याच्या लंबनात ०.१ ची चूक असेल तर अंतरात जवळजवळ २ पार्सेकचा फरक पडतो. आकाशातली जागा मात्र अतिशय अचूक असते. परिणाम असा की त्रिमितीत पुंजका गोल दिसायच्या ऐवजी सूर्याच्या दिशेने लांबट, काकडीसारखा ताणलेला दिसतो. मुलं म्हणतील, पुंजका लांबट आहे. तो ताण बराचसा मोजमापातल्या चुकीचा असतो. लंबनाच्या चुकीचा रकाना घेऊन ०.०५ पेक्षा कमी चूक असलेलेच तारे ठेवले की काकडी आखूड होते. ते करूनच दाखवा, शिकवायला ती फार सुंदर जागा आहे.

बोरीकाठ

नुसतं आकाश दाखवायचं तर स्टेलेरियम आहेच, नेट लागत नाही, ४ जीबीत पळतं. नोटबुकचा खटाटोप कशाला?

वाघूर

बोरीकाठ, दाखवायचं असेल तर तुमचं शंभर टक्के खरं. रात्रीच्या निरीक्षणाआधीची ओळख स्टेलेरियमवरच करावी. पण इथे मुलांनी तक्ता चाळून, अट लावून, उरलेले तारे परत आकाशात बघायचेत. तक्ता आणि चित्र एकमेकांशी बोलले पाहिजेत. अट बदलली की खालचे ठिपके बदलले पाहिजेत. ते नोटबुकमध्येच होतं.

लळिंग

आता मुख्य अडचण बोलू. गिरणाकाठ म्हणतात रेंज नाही. आयपीअलॅडिन असो वा पायडब्ल्यूडब्ल्यूटी, आकाशाचं चित्र पॅकेजबरोबर येत नाही. ते टाइल-टाइलने सर्व्हरवरून येतं. आणि ते कोण आणतं? ब्राउझर आणतो, कर्नल नाही. त्यामुळे कर्नल असलेल्या मशीनवर नेट आहे, पण ब्राउझर असलेल्या मशीनवर नाही, तर ठिपके दिसतील आणि मागे काळं राहील.

टाइलचा हिशोब समजून घेतला की ऑफलाइनची सोय करता येते. आकाशाचे आधी १२ समान क्षेत्रफळाचे तुकडे, मग प्रत्येक पायरीला एका तुकड्याचे चार. तिसऱ्या पायरीला १२ गुणिले ६४, म्हणजे ७६८ टाइल. पाचव्या पायरीला १२,२८८, आणि तिथे एका टाइलची बाजू साधारण १.८ अंश. प्रत्येक टाइल ५१२ बाय ५१२ पिक्सेलची. म्हणजे तीन अंशांच्या कृत्तिकांच्या चौकटीला पाचव्या पायरीच्या मोजक्या टाइल पुरतात, सातव्या पायरीपर्यंत गेलात तरी शंभराच्या आसपास. सगळं आकाश उतरवायची गरजच नाही. तिसऱ्या पायरीपर्यंत पूर्ण आकाश आणि त्यापुढे फक्त कृत्तिकांच्या भागातल्या टाइल, एवढं पेनड्राइव्हवर आरामात मावतं.

फोल्डरची रचना तंतोतंत तशीच ठेवा : नॉर्डर३, त्यात डिर०, त्यात एनपिक्स आणि टाइलचा क्रमांक. प्रॉपर्टीज नावाची फाइल मुळाशी हवीच, ती नसेल तर अलॅडिन सर्वेक्षण ओळखत नाही. डिर हा दहा-दहा हजारांचा गठ्ठा आहे, म्हणजे १२,००० क्रमांकाची टाइल डिर१०००० मध्ये.

गिरणाकाठ

लळिंगभाऊ, हे फोल्डर लॅपटॉपवर ठेवलं आणि पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर चालवला तर भागेल?

लळिंग

नाही भागणार, नेमकं तिथेच अडतं. ज्युपिटर ८८८८ पोर्टवर, तुमचा टाइल सर्व्हर समजा ९००० वर. ब्राउझरच्या दृष्टीने ही दोन वेगळी ठिकाणं. दुसऱ्या ठिकाणाहून आलेली टाइल वापरायला त्या सर्व्हरने "कोणीही घ्या" अशी परवानगीची ओळ उत्तरासोबत पाठवावी लागते आणि पायथनचा साधा सर्व्हर ती पाठवत नाही. टाइल उतरते, पण ब्राउझर ती अलॅडिनला देत नाही. एफ१२ दाबून कन्सोल उघडलंत तर लाल अक्षरांत कॉर्स दिसेल. उपाय सहा-सात ओळींचा : सिंपल एचटीटीपी रिक्वेस्ट हँडलरवरून स्वतःचा वर्ग काढा, त्यातली एंड हेडर्स ही पद्धत नव्याने लिहा, आधी ॲक्सेस कंट्रोल अलाऊ ओरिजिन हे हेडर किंमत तारांकन देऊन पाठवा, मग मूळची एंड हेडर्स बोलवा. मग अलॅडिनच्या सर्व्हेला त्या फोल्डरचा पत्ता द्या.

आणखी एक : ज्युपिटर एचटीटीपीएसवर आणि टाइल साध्या एचटीटीपीवर असं मिश्रण करू नका, ब्राउझर ते अडवू शकतो. दोन्ही साधे ठेवा, शिबिराच्या आतल्या आत चालणार आहे.

पांझरा

टाइल सातही लॅपटॉपवर टाकायच्या की एकावर?

लळिंग

एकावर. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, डेटा नसला तरी हॉटस्पॉटचं आतलं जाळं तयार होतं. ८ जीबीवाल्या एका लॅपटॉपवर टाइल सर्व्हर. बाकीच्यांनी सर्व्हेत लोकलहोस्टच्या जागी त्या लॅपटॉपचा आयपी लिहायचा. मात्र बरेच मोबाइल आठ-दहा उपकरणांपलीकडे जोडू देत नाहीत, तेव्हा मुलांचे फोन त्यावर घेऊ नका.

कर्नल मात्र ज्याचा त्याच्या लॅपटॉपवरच ठेवा. एकाच मशीनवर सात कर्नल, प्रत्येकात ॲस्ट्रोपाय आणि तक्ता, यात ८ जीबी कधी संपेल कळणार नाही.

तोरणमाळ_रात्र

निघण्याआधी घरी एकदा वायफाय बंद करून सगळं नोटबुक पहिल्या सेलपासून चालवून बघा. कर्नल रीस्टार्ट करून, ब्राउझरची साठवण पुसून. चालू नेटवर "ऑफलाइन चालतंय" असं वाटणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. काही पॅकेजं स्वतःचे जावास्क्रिप्टचे तुकडे पहिल्या वेळी बाहेरून घेतात, ते तेव्हाच उघडं पडतं.

नेट नसताना अडणाऱ्या गोष्टी माझ्या यादीतल्या : नावावरून ताऱ्याची जागा शोधणं (स्कायकोऑर्ड डॉट फ्रॉम नेम) बाहेरच्या सर्व्हरला विचारतं, बंद पडेल. म्हणून एम ४५ ऐवजी थेट ५६.७५ आणि २४.१२ अंश लिहा. ॲस्ट्रोपाय पृथ्वीच्या फिरण्याचा ताजा तक्ता उतरवायला बघतं आणि नेट नसलं की बराच वेळ अडून मग चूक देतं. आयईआरएसच्या (तो तक्ता देणारी संस्था) कॉन्फमध्ये ऑटो डाउनलोड फॉल्स करा आणि डिग्रेडेड ॲक्युरसीला वॉर्न द्या. आकाशदर्शनाला जो फरक पडेल तो सेकंदाच्या आतला. ग्रहांसाठी ॲस्ट्रोपायची आतली पद्धत पुरते, नासाच्या जेपीएलचा ग्रहस्थानांचा संच हवाच असेल तर डीई४३२एस आधी उतरवा, तो १० एमबीच्या आसपास आहे, डीई४३० शंभराच्या पुढे जातो.

वाघूर

आता तक्ता. गायाचा तिसरा डेटा रिलीज, जून २०२२चा, त्यात १८० कोटींहून जास्त नोंदी. ॲस्ट्रोक्वेरीतून (असे तक्ते मागवायचं पायथन पॅकेज) घ्या पण घरूनच, आणि फाइल करून न्या. इथे हमखास पाय घसरतो : गायाच्या शंकूशोधाची (एका बिंदूभोवतालचे तारे शोधायची) ओळींची मर्यादा मुळात ५० ठेवलेली असते. व्हिझिएरचंही (स्ट्रासबर्गचाच तक्त्यांचा साठा) तसंच. शोध यशस्वी होतो, ५० तारे येतात, चूक काही दिसत नाही, आणि माणूस ५० ताऱ्यांवर निष्कर्ष काढून बसतो. गाया डॉट रो लिमिट उणे एक करा.

त्यापेक्षा एडीक्यूएलमध्ये (तक्त्याला प्रश्न विचारायची भाषा) अट घालून मागवा, गाळणी सर्व्हरवरच होते आणि तक्ता हलका येतो. केंद्र ५६.७५, २४.१२, त्रिज्या १.५ अंश. रकाने आठच : सोर्स आयडी, आरए, डेक, पॅरॅलॅक्स (लंबन), पॅरॅलॅक्स एरर, पीएमआरए, पीएमडेक (ताऱ्याची आकाशातली दोन दिशांची चाल) आणि फॉट जी मीन मॅग (तेजाची प्रत). मागणी लाँच जॉब असिंकने पाठवा. साध्या लाँच जॉबला २,००० ओळींची मर्यादा आहे.

तापीपूर्णा

वाघूरभाऊ, गाळणी सर्व्हरवर करू नका या वेळी. मुलांनीच ती करायची आहे ना? फक्त तेजाची अट लावा, जी १५ पेक्षा ठळक, आणि बाकी सगळे आणा. मग नोटबुकमध्ये पीएमआरए आडवा, पीएमडेक उभा असा आलेख. शेकडो ठिपक्यांचा मोठा विखुरलेला ढग शून्याच्या आजूबाजूला आणि त्यापासून बाजूला एक घट्ट ठिपका, साधारण अधिक २० आणि उणे ४५ वर. तोच कृत्तिकांचा. सगळे एका दिशेने, एका वेगाने चाललेत. तो गुच्छ मुलांनी स्वतः हेरला पाहिजे, आकडे आधी सांगू नका. मग पीएमआरए १५ ते २५, पीएमडेक उणे ५० ते उणे ४०, लंबन ६.५ ते ८.२ अशी चौकट लावून उरलेले तारे ॲड टेबलने आकाशावर.

वाघूर

मान्य. तुमचं बरोबर, शिकवायचं तर तसंच.

पांझरा

मग हेही सांगून ठेवा : डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात ठळक कृत्तिका या तक्त्यात नसतील किंवा त्यांचे आकडे भरवशाचे नसतील. अल्सायनी २.९ प्रतीची. गायाचा कॅमेरा मंद ताऱ्यांसाठी बेतलेला, तिसऱ्या प्रतीच्या अलीकडचे तारे त्याच्यासाठी डोळे दिपवणारे. रात्री दुर्बिणीत सगळ्यात उठून दिसलेला तारा दुपारी तक्त्यात सापडला नाही की मुलं गोंधळतील. गायाच्या आधीच्या हिप्पार्कस उपग्रहाचा तक्ता सोबत न्या, १,१८,२१८ तारे, व्हिझिएरवर आय २३९. लहान आहे, ठळक ताऱ्यांसाठी पक्का. दोन्ही तक्ते दोन रंगांत चढवा.

फक्त एक जपा. हिप्पार्कसच्या जागा १९९१.२५ सालच्या आणि गायाच्या २०१६.० सालच्या. कृत्तिकांची वर्षाला ५० मिलिआर्कसेकंद चाल धरली तर २४.७५ वर्षांत सव्वा आर्कसेकंद होतात. तीन अंशांच्या चौकटीत दिसणार नाही, पण दोन तक्ते जुळवताना मर्यादा १ आर्कसेकंद ठेवलीत तर एकही कृत्तिका जुळणार नाही. ३ ठेवा.

बोरीकाठ

हे २४.७५चं गणित फार आवडलं. वर्गात हेच द्यायला हवं.

खान्देशी_दुर्बीण

आयपीअलॅडिनमध्ये टेबल देताना रकान्यांची नावं मराठीत करू नका. विषुवांश, क्रांती असे रकाने केले की विजेटला जागेचे रकाने ओळखता येत नाहीत. आरए, डेक तशीच राहू द्या, मराठी नावं आलेखाच्या अक्षांवर लिहा.

दुसरं म्हणजे सोर्स आयडी. तो बहुधा १७ ते १९ अंकी पूर्णांक असतो. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ पर्यंतच पूर्णांक नेमके राहतात, म्हणजे १६ अंक. आकाशात निवडलेले तारे परत पायथनमध्ये घेऊन मूळ तक्त्याशी जुळवायला गेलात आणि वाटेत शेवटचे अंक गोल झाले, तर एकही जुळणार नाही. आकाशावर चढवण्याआधी तो रकाना मजकूर करून टाका. एक्सेलमध्ये उघडायची हौस असेल तर तिथे तर १५ अंकांनंतर शून्यंच होतात.

निवडीसाठी : अलॅडिन डॉट सिलेक्शन चालवा, माउसने हवा तो भाग निवडा, मग पुढच्या सेलमध्ये सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स वाचा. त्याच सेलमध्ये वाचलंत तर रिकामं येईल, कारण तो सेल संपेपर्यंत ब्राउझरचं उत्तर पायथनपर्यंत पोचलेलंच नसतं. हाच नियम डब्ल्यूसीएस (चित्रातल्या जागेचं आकाशातल्या जागेशी नातं) वाचायलाही लागू.

तोरणमाळ_रात्र

४ जीबीच्या लॅपटॉपसाठी अजून एक. विजेटचं नाव दर सेलच्या शेवटी लिहायची सवय लागते आणि दर वेळी नवं दृश्य उघडतं. प्रत्येक दृश्य ग्राफिक्सची एक जागा अडवतं. क्रोम एका वेळी १६ देतो, सतराव्याला सगळ्यात जुनं मरतं आणि वरचं आकाश अचानक काळं पडतं. कमी रॅमला त्याच्या कितीतरी आधी लॅपटॉप गुदमरतो. विजेट एकदाच दाखवा, ज्युपिटरलॅबमध्ये त्या आउटपुटवर उजवी क्लिक करून क्रिएट न्यू व्ह्यू फॉर सेल आउटपुट घ्या आणि ते उजवीकडे ओढून ठेवा. डावीकडे कोड, उजवीकडे आकाश.

सुरुवातीपासूनच काळं असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद आहे का बघा. अलॅडिन लाइटच्या तिसऱ्या आवृत्तीला वेबजीएल२ लागतं.

गिरणाकाठ

तुन्हं बराबर शे भाऊ, आत्ता करून बघितलं, ओढून ठेवलेलं दृश्य एकदम सोयीचं आहे. एक शंका. आकाश नीट बसलंय की नाही याची पडताळणी कशी करावी? रात्री बाहेर दिसतं तेच पडद्यावर आहे हे मुलांना पटायला हवं.

तापीपूर्णा

पडताळणी आपल्या अक्षांशावरूनच करा, खान्देश त्यासाठी फार सोयीचा आहे. जळगाव २१.०१ उत्तर, ७५.५६ पूर्व. ध्रुव सुमारे २१ अंशांवर आला पाहिजे. अगस्त्याची क्रांती उणे ५२.७, तो दक्षिणेला जास्तीत जास्त १६ अंश चढतो. आणि कर्क अभ्रिकेची क्रांती अधिक २२.०१, म्हणजे जळगावात ती डोक्यावरून फक्त एक अंश उत्तरेने जाते. अर्थलोकेशनला हे आकडे द्या आणि ऑल्टॲझमध्ये (क्षितिजापासूनची उंची आणि दिशा) बदलून बघा. पूर्व रेखांश अधिक चिन्हाचा. उणे दिलात तर तुम्ही थेट क्युबाजवळ पोचता.

सगळ्यात जास्त होणारी चूक वेळेची. ॲस्ट्रोपायचा टाइम यूटीसी धरतो. पाटणादेवीला डिसेंबरच्या मध्यात कृत्तिका रात्री पावणेअकराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतात. तुम्ही २२ः४५ तसंच लिहिलंत तर ते पहाटेचे सव्वाचार होतात आणि नोटबुक सांगतं की कृत्तिका पश्चिमेला क्षितिजापासून जेमतेम १४-१५ अंशांवर. साडेपाच तास म्हणजे आकाशाचे साडेब्याऐंशी अंश, आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशाइतकेच. ५ः३० वजा करूनच लिहा, टाइमडेल्टा वापरून एकदाच फंक्शन करून ठेवा.

विषुवांशात तास-अंशांची गल्लत हीसुद्धा नेहमीची. कर्क अभ्रिका ५ तास ३४.५ मिनिटं, म्हणजे ८३.६३ अंश. ५.५७ला अंश समजलात तर मृगाच्या वर, वृषभात असणारी अभ्रिका थेट देवयानी तारकासमूहात जाऊन बसते.

पांझरा

उन्हाळ्यातल्या गटासाठी शून्य सावलीची पडताळणी त्याहून पटणारी. जळगावला २५ मेच्या आसपास. सूर्याचं मध्यान्ह घड्याळात बारा वाजता नाही, सुमारे १२ः२५ला. ७५.५६ आणि ८२.५ यांतला फरक ६.९४ अंश, अंशाला ४ मिनिटं म्हणजे पावणेअठ्ठावीस मिनिटं, त्यातून कालसमीकरणाची (खऱ्या सूर्याच्या आणि सरासरी घड्याळाच्या वेळेतला फरक) ३ मिनिटं गेली. नोटबुकमध्ये दर मिनिटाचा सूर्याचा उन्नतांश काढा, वाडग्याखाली सावली कधी नाहीशी होते ते घड्याळावर बघा.

बोरीकाठ

थोडं विषयांतर. सूर्य मृगात कधी जातो हे नोटबुकमध्ये निघेल का? आपल्याकडे पेरणीच्या बोलण्यात मृगाशिवाय पान हलत नाही.

तापीपूर्णा

निघेल. नक्षत्र १३ अंश २० कला, मृग पाचवं, म्हणून त्याची सुरुवात निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) ५३ अंश २० कलांना. २०२६चं चित्रापक्षीय अयनांश (निरयन आणि सायन मापांतला फरक) सुमारे २४ अंश १३ कला. बेरीज ७७ अंश ३३ कला. सूर्याचा सायन भोग (संपातबिंदूपासून मोजलेला) इतका होतो ८ जूनला दुपारी. गेट सन घ्या, जिओसेंट्रिक ट्रू एक्लिप्टिकमध्ये बदला, पण इक्विनॉक्सला तोच क्षण द्या. न दिल्यास २००० सालचा संपातबिंदू धरला जातो, २६ वर्षांत संपात ०.३६ अंश सरकलाय, आणि उत्तर सुमारे नऊ तास उशिराचं, रात्रीचं येतं.

त्या वेळी आकाशावर बघितलंत तर सूर्य वृषभात दिसेल. चुकलं म्हणून घाबरू नका, राशींच्या आधुनिक सीमा वेगळ्या.

खान्देशी_दुर्बीण

पाटणला जाताय आणि भास्कराचार्यांचं आकाश दाखवणार नाही? त्यांचा जन्म शके १०३६चा, आणि नातू चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख पाटणचाच, शके ११२८चा. ११५० सालचं आकाश लावून मुलांना संपात किती सरकला ते दाखवता येईल, ८७६ वर्षांत १२ अंशांहून जास्त.

तापीपूर्णा

जरूर दाखवा, पण दोन खाचखळगे. ॲस्ट्रोपाय मागच्या तारखाही ग्रेगोरियन पद्धतीनेच मोजतो. इतिहासातल्या तारखा ज्युलियन. ११५० साली फरक ७ दिवसांचा, कर्क अभ्रिका ज्यातून झाली त्या १०५४च्या ताऱ्याच्या स्फोटासाठी ६ दिवसांचा : ४ जुलै १०५४ लिहायचं असेल तर १० जुलै लिहा. दुसरं, इतक्या मागे पृथ्वीच्या फिरण्याचा हिशोब आयईआरएसच्या तक्त्यात नाही. "डुबियस इयर" असा इशाराही येतो, तो १९६०च्या आधी यूटीसीच नव्हती म्हणून. उगवण्या-मावळण्याच्या वेळा पाव तासाच्या आसपास इकडेतिकडे होतील. ताऱ्यांमधल्या जागांना त्याने काही होत नाही.

गिरणाकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हा सगळ्यांचं ऐकून असं ठरवतोय : सातही लॅपटॉपवर आयपीअलॅडिन, एका ८ जीबीवर टाइल सर्व्हर, गाया आणि हिप्पार्कसचे तक्ते फाइलमध्ये. त्रिमितीसाठी पांझराताईंचं पायडब्ल्यूडब्ल्यूटी प्रोजेक्टरच्या एकाच लॅपटॉपवर. त्याला तिथे नेट नसेल, तर?

पांझरा

तर ते तिथे उघडूच नका. तिथे त्रिमिती मॅटप्लॉटलिबच्या थ्रीडी अक्षांवर करा, पुंजका माउसने फिरवता येतो. त्यासाठी आयपीवायएमपीएल घरूनच टाकून न्या आणि पहिल्या सेलमध्ये टक्का मॅटप्लॉटलिब विजेट लिहा, नाहीतर आलेख नुसतं स्थिर चित्र राहतो. स्कायकोऑर्डला अंतर दिलंत की कार्टेशियनमधून एक्स, वाय, झेड मिळतात. तापीपूर्णांची काकडी त्यातही तितकीच स्पष्ट दिसते. पायडब्ल्यूडब्ल्यूटी परत आल्यावर नेट असलेल्या वर्गात.

आणि तीनही अक्षांची मापं सारखी ठेवा, बॉक्स ॲस्पेक्ट १, १, १ देऊन आणि तिन्हींच्या मर्यादा केंद्रापासून १५-१५ पार्सेक. मॅटप्लॉटलिब आपोआप ताणून बसवतो, मग काकडी आहे की नाही तेच कळत नाही.

लळिंग

गिरणाकाठ, टाइल उतरवताना कृत्तिकांच्या चौकटीबाहेर चारी बाजूंनी एक-एक टाइल जास्त घ्या. मुलं ओढत बाजूला जातातच आणि काठावर काळं दिसलं की सगळं बिघडलं असं वाटतं. वीज गेली तर आधी हॉटस्पॉटचा मोबाइल पॉवरबँकवर लावा. जाळं तुटून परत जुळलं की काही वेळा लॅपटॉपचा आयपी बदलतो आणि सर्व्हेतला जुना पत्ता कामाचा राहत नाही, म्हणून तो पत्ता नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये एकाच चलात ठेवा. बदलायला एकच जागा.

गिरणाकाठ

केलं. पहिल्या सेलमध्ये तीनच चलं ठेवलीत : टाइलचा पत्ता, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि ५ः३०. आज रात्री वायफाय बंद करून पहिल्या सेलपासून चालवतो.

तोरणमाळ_रात्र

ब्राउझरची साठवण पुसायला विसरू नका.